ये आणि या

ब्राह्मणपुरी, तालुका शहादे
११ डिसेंबर १९५५

हेलमीबाईंना जसोदाचा नमस्कार.

तुमची बोट कुठवर पोचली असेल ते मला कळत नाही. इथल्या शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे, मास्तरांना विचारून तो बघून आले. मुंबई लगेच सापडली. तुमचा फिनलंड मास्तरांनाही सापडेना. मग वर, अगदी कडेला सापडला. मधे इतकं निळं आहे की मी पुन्हा तो नकाशा बघायला जाणार नाही.

माझी सुंदर रडते का बोटीवर? भूक लागली तर ती सांगत नाही, नुसती अंगठा चोखत पडून राहते, तेव्हा समजून घ्या. दूध कपात दिलं तर पीत नाही, वाटीत द्या. पायाच्या प्लास्टरमध्ये खाज सुटली की ती चिडते. मी वरून हाताने थापटत असे. आत काही पोचत नाही, पण ती गप्प व्हायची.

माझे सासरे नथ्थूबाबा यांना एक गोष्ट तुमच्या हाताने लिहिलेली हवी आहे. तुम्ही आमच्या ओट्यावर बसून जे बोललात तेच लिहा: सुंदरच्या मांडीच्या सांध्याला क्षय आहे, इथे पाय वाचायचा नाही, तुमच्या गावाकडे हाडांचा मोठा दवाखाना आहे, आणि दोन वर्षांनी तुम्ही सुट्टीहून परत याल तेव्हा ती स्वतःच्या पायांनी चालत येईल. बाबा तेव्हा शेतात होते. पाच वर्षांची पोर समुद्रापार पाठवताना आपल्याला कुणी विचारलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. सुंदरच्या वडिलांनी विचार करून हो म्हटलं. मी तर आधीच म्हटलं होतं. बाकी घरी सर्व ठीक आहे.

काल लोणखेड्याला तुमच्या दवाखान्यात जाऊन आले. अजीजभाई कंपाउंडर एकटेच सगळं बघतात. ओट्यावर गर्दी तेवढीच. बाया ढकलाढकली करायला लागल्या की तुम्ही मराठी विसरून ओरडायचात ना, "ओदोत्ताका! ओदोत्ताका!" काल एका म्हातारीने तसंच ओरडून सगळ्यांना थांबवलं आणि सारा ओटा हसला. तुमचे तीन शब्द इथे राहिले आहेत. ओदोत्ताका म्हणजे थांबा, तुल्का म्हणजे या, इस्तुका म्हणजे बसा. पहाडातून येणाऱ्या बायांना मराठी कळत नाही, पण हे तीन कळतात.

म्हणून एक मागणं आहे. सुंदर तिकडून तुमची भाषा बोलत येईल. लहान पोरं लवकर शिकतात. मी तिच्यापुढे मुकी बसू नये म्हणून मला अजून थोडे शब्द लिहून पाठवाल का? आपल्या अक्षरांत लिहा.

जसोदाबाई


ब्राह्मणपुरी
१८ मार्च १९५६

हेलमीबाई,

ऑपरेशन झालं, हे वाचून मी पत्र घेऊन गोठ्यात जाऊन बसले. घरात बाया होत्या आणि मला कुणासमोर वाचायचं नव्हतं. बाबांना मग मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवशी ते नीट जेवले.

तुम्ही शब्द पाठवलेत त्यातला पहिलाच वाचून मी चमकले. एका माणसाला 'ये' म्हणायचं तर 'तुले'. अहो बाई, तुले हा आमचाच शब्द! आमच्या घरात तुले म्हणजे तुला. मी सुंदरच्या वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुले म्हंजे ये? मंग माले म्हंजे काय, जाय?" पुष्कळ दिवसांनी ते हसले.

तुम्ही समजावून लिहिलं ते मला सहज कळलं. एकाला 'तुले', पुष्कळ जणांना 'तुल्का'. आणि माणूस एकच असला, पण मोठा किंवा परका असला, तर त्यालाही 'तुल्का'. हे तर आमच्यासारखंच झालं. पोराला ये, पाहुण्याला या, आणि पाच पोरं असली तर त्यांनाही या. तुमच्याकडे शब्दामागे 'का' लागतो, कधी कधी 'कॅ' लागतो, एवढाच फरक. म्हणजे ओट्यावर मी शिकले ते तिन्ही शब्द गर्दीला सांगायचे होते. पोटच्या पोरीला सांगायचा एकही नव्हता. बरं झालं विचारलं.

आता मी रोज भाकरी करताना म्हणते. तुले, ये. इस्तू, बस. स्यो, खा. नुकू, झोप. सुंदरला सांगा की तिची आई नुकू म्हणायला शिकली. आणि तुम्ही तिच्याशी आपलं बोलता ना? तुम्हाला आमच्या घरचं अहिराणी येत नाही, पण मराठी चांगलं येतं. ते बोला. ती मराठी विसरली नाही की बाकीचं मी इथे करून घेईन.

जसोदा


लोणखेडा
६ ऑगस्ट १९५८

हेलमीबाई,

पत्ता बदललेला बघून काळजी करू नका. माझ्या आईला बरं नसतं म्हणून मी भटूकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, राहायला आले आहे. पुढची पत्रं इथेच पाठवा. ब्राह्मणपुरीला पाठवू नका, तिथे टपाल वेळेवर मिळत नाही.

सुंदर काठी घेऊन चालते हे कळलं. फोटो मिळाला. इतकं पांढरं सगळं बर्फ आहे का? टोपीतून तिचा चेहरा एवढासाच दिसतो, तरी मी ओळखला. हनुवटी माझ्या सासूची आहे.

सरकार तुम्हाला परत यायचा परवाना देत नाही, हे तुम्ही गेल्या खेपेलाही लिहिलं होतं. मी अजीजभाईंना विचारलं. ते म्हणाले, हल्ली परदेशी बायांना सहजासहजी मिळत नाही, त्यात हेलमीबाईंची काही चूक नाही. चूक कुणाची ते मी विचारतच नाही. तुम्हाला येता येत नसेल तर तिला दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा. कुणीतरी इकडे येतच असेल. दोन वर्षं म्हणाला होतात.

मी आता दवाखान्यात काम करते. ओट्यावर बायांना रांगेत बसवायचं, मलमपट्टीचं कापड उकळायचं, पोरांना धरायचं. डॉक्टर आठवड्यातून येतात, बाकी अजीजभाई. गर्दी झाली की मीच ओरडते, ओदोत्ताका. नव्या बायांना वाटतं तो डॉक्टरी शब्द आहे.

जसोदा


लोणखेडा
२५ जानेवारी १९६०

हेलमीबाई,

गेल्या खेपेला लिहिलं ते खरं नव्हतं. आई चांगली धडधाकट आहे. सुंदरच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आहे. तिचं नाव मंगलाबाई. ती वाईट नाही. तिला मुलगा झाला, तेव्हा मी जाऊन बाळंतविडा देऊन आले.

असं झालं की सुंदर गेल्यावर मला पुन्हा दिवस गेले नाहीत. पाणवठ्यावर बाया बोलायच्या, "जसोदानी पोर गोरीले दी टाकी." मी ऐकून घ्यायची. मग एकदा नथ्थूबाबा पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले की जिला असलेलं मूल नको झालं, तिला देव दुसरं कशाला देईल. सुंदरचे वडील शेजारीच बसले होते. ते खाली बघून भात कालवत राहिले. मी तशीच वाढत राहिले, पंगत उठल्यावर भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी भटूच्या गाडीत बसून इथे आले. ते न्यायला आले नाहीत. मी वाट बघितली नाही असं नाही.

हे सगळं तुम्हाला लिहिणार नव्हते. पण आज सुंदरचं पत्र आलं. तिच्या स्वतःच्या हाताचं पहिलं पत्र. लिफाफा जाड होता म्हणून मी खूष होते. उघडलं तर सगळं तुमच्या अक्षरांत. अजीजभाईंना अक्षरं वाचता येतात, अर्थ कळत नाही. त्यांनी एकेक ओळ वाचली आणि मी ऐकत बसले. माझी पोर बोलते आहे, आणि मला त्यातलं 'ऐती' एवढंच कळलं, तेही तुम्ही बाजूला आई असं लिहिलं होतं म्हणून. खाली तुम्ही लिहिलंत की आता तिला मराठी मुळीच येत नाही, पण शाळेत हुशार आहे.

तुम्हाला मराठी येत होतं, हेलमीबाई. इथल्या ओट्यावर तुम्ही बायांशी गर्भाशयापासून जावेच्या भांडणापर्यंत सगळं मराठीत बोलायचात. एका पोरीशी रोज चार वाक्यं बोलायला तुमचं काय जात होतं? पाय बरा करायला नेलीत. जीभ कापायला नेली नव्हती.

आता मला शब्द पाठवू नका. मी शिकून काय करू.

जसोदाबाई चुनीलाल


लोणखेडा
३ नोव्हेंबर १९६५

हेलमीबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत मी लिहिलं नाही, तरी तुम्ही दर नाताळात लिहीत राहिलात. ती सगळी पत्रं मी वाचली आहेत. उत्तर द्यायला बसायची आणि उठायची.

माझ्या त्या रागाच्या पत्रावर तुम्ही जे लिहिलं होतं ते मला पाठ झालं आहे. तुम्ही मराठीत बोललात की सुंदर दाराकडे बघायची. मी आले असं तिला वाटायचं. मग दार उघडायला लावायची, बाहेर कुणी नाही म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत खायची नाही. म्हणून एक दिवस तुम्ही मराठी बंद केलंत. हे वाचल्यावर माझा राग गेला, पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं. म्हणून लिहिलं नाही.

तुमच्या पोटातली गाठ परत वाढली आहे, हे वाचून अजीजभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ओट्यावर सगळ्यांना सांगितलं. ज्या बायांची बाळंतपणं तुम्ही केलीत त्या विचारून जातात.

तुमच्यामागे सुंदरला तिथे राहता यावं, नर्सच्या शाळेत जाता यावं, म्हणून ती कायद्याने तुमची मुलगी व्हायला हवी, आणि त्याला आम्हा दोघांची सही हवी, हे समजलं. टपालाने मागवली असती तर मी दिली नसती. तुम्ही लिहिलंत की सुंदर स्वतः येऊन विचारेल, आणि आम्ही नाही म्हटलं तर ती इथे राहील. तुम्हाला याची भीती वाटली नाही का? मला वाटली असती.

पाठवा. नंदुरबार स्टेशनावर मी असेन.

मी पुन्हा म्हणायला लागले आहे. तुले, इस्तू, स्यो. अजून तोंडात आहेत.

जसोदा


लोणखेडा
२४ फेब्रुवारी १९६६

हेलमीबाई,

सुंदर काल गेली. हे पत्र तिच्या मागून येईल. ती तुम्हाला तिच्या परीने सगळं सांगेलच, माझ्या परीने मी सांगते.

सुरतेकडून येणाऱ्या गाडीने ती उतरली. बरोबरच्या बाई पुढे भुसावळला जाणार होत्या, त्यांनी डब्यातूनच हात केला. मी भटूला बरोबर नेलं होतं. इतकी उंच होईल असं मला वाटलं नव्हतं. थोडी लंगडते, पण ते बघणाऱ्याला कळतं, चालणारीला नाही. मी दोन्ही हात पुढे करून मोठ्याने म्हटलं, "तुले!" शेजारचा हमाल वळून म्हणाला, "माले?" भटू हसला. सुंदरही हसली आणि आली. मी तिला धरलं. तिच्या कोटाला लोकरीचा आणि कसल्यातरी साबणाचा वास होता. मी तिच्या मानेत नाक घातलं, जुना वास शोधला. ती ताठ उभी राहिली, पण हलली नाही, मला शोधू दिलं.

मोटारीतून प्रकाशाला तापी ओलांडताना मी तिला नदी दाखवली. तिने मान हलवली. मी 'कात्सो', बघ, म्हणाले. तुम्ही शिकवलेला शब्द. ती बघत राहिली.

घरी आलो. भटूकडे एकच खाट, ती मी धुतलेल्या गोधडीने झाकून ठेवली होती. तिला म्हटलं, "इस्तू." ती बसली. मी दारात उभी होते, नुसती बघत होते. मग ती उठली, खाटेवर माझ्यासाठी जागा केली आणि हात दाखवून म्हणाली, "इस्तुका."

हेलमीबाई, तुम्ही मला ते शिकवलं नसतं तर फार बरं झालं असतं. मला वाटलं असतं, माझी पोर मला बस म्हणते. पण मला फरक ठाऊक होता. दारात मी एकटीच होते. भटू बैलांना पाणी दाखवायला गेला होता. ते पुष्कळ जणांना म्हटलेलं नव्हतं.

मी बसले.

नंतर अजीजभाई आले. त्यांचं आणि सुंदरचं मोडक्या इंग्रजीत जमतं. मी त्यांना हळूच सांगितलं, जरा विचारा, ती मला 'का' लावून का बोलते. त्यांनी विचारलं. ती लाजली, काहीतरी बरंच बोलली. अजीजभाई म्हणाले, "जसोदाबहन, बच्ची इज्जत देती है. बोलती है, हेलमीबाईने तो घरसे निकलते वक्त कहा था, मां को तू बोलना. लेकिन सामने आनेके बाद मुंहसे निकला नहीं."

निकला नहीं. मग मीही 'का' लावायला लागले. जेवायला दादर ज्वारीची भाकर आणि भरीत केलं होतं. ताट पुढे ठेवून मी म्हटलं, "स्योकॅ." जेवा. समोरचं माणूस अहो म्हणत असताना आपणच अगं म्हणत राहणं बरं दिसत नाही. दोघी मायलेकी एकमेकींना या, बसा, घ्या, असं म्हणत राहिलो. भटूची बायको म्हणाली, काय छान बोलता हो दोघी.

सुंदरचे वडील तिसऱ्या दिवशी आले. मी त्यांना इतक्या वर्षांनी समोरासमोर पाहिलं. केस गेलेत. केळीचा घड खांद्यावर आणला होता, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. सुंदर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "इस्तुका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हने ती?"

मी म्हटलं, "बा, बठ, म्हने."

ते बसले. घड मांडीवरच होता. "गोड बोलस," म्हणाले, आणि पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले.

मग सहीचा विषय निघाला, तेव्हा मात्र ते उठलेच. "मी सही करनार नही. मन्ही पोर शे ती. तिले राहू दे आठे." धानोऱ्याला त्यांनी एक स्थळही बघून ठेवलं होतं. मुलगा चांगला आहे, पायाचं त्याला सांगितलं आहे, त्याची हरकत नाही. ओरडून बोलत होते, पण सुंदरकडे न बघता. तिला शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली. अजीजभाईंनी तिला सगळं सांगितलं. ती त्यांच्याशी हळू बोलली. त्यांनी आम्हाला सांगितलं की तिला नर्स व्हायचं आहे, आणि हेलमीबाईंना घरात पाणी द्यायला दुसरं कुणी नाही. पण आई-वडील नाही म्हणतील तर ती राहील, तसं तिने हेलमीबाईंना सांगूनच ठेवलं आहे.

राहील. मी तो शब्द ऐकला आणि घरातून उठून दवाखान्यात गेले. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं होतं की गप्प बसावं. त्यांनाच नाही म्हणू द्यावं. पोर राहिली असती आणि दोष माझ्यावर आला नसता.

थोड्या वेळाने सुंदरही अजीजभाईंबरोबर मागून दवाखान्यात आली. ओट्यावर पहाडातली एक बाई होती, तिच्या मुलाचा हात चुलीत भाजला होता. पोरगा किंचाळत होता, कुणाला हात लावू देत नव्हता. सुंदर खाली त्याच्यासमोर बसली. त्याच्या भाजलेल्या हाताकडे बघितलंच नाही. त्याच्या चांगल्या हाताची बोटं धरली आणि बोलत राहिली, "ॲला इत्के, ॲला इत्के." त्याला काय कळणार? पण तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. तेवढ्यात अजीजभाईंनी जखम धुवून घेतली. मला शब्द नवा होता, पण अर्थ विचारावा लागला नाही. रडू नको. त्याला 'का' नव्हता. त्या पोराला तिने एका क्षणात तू म्हटलं होतं.

त्या घटकेला मी तिच्यात तुम्हाला बघितलं, हेलमीबाई. हनुवटी माझ्या सासूची, पण बसणं तुमचं, बोट धरणं तुमचं. धानोऱ्याच्या घरात ही सकाळपासून कुणाशी काय बोलेल, असं मनात आलं. मी तिला मुकी होऊन राहायला लावणार होते. एकदा ती माझी भाषा विसरेपर्यंत रडली होती, आता तुमची विसरेपर्यंत रडली असती.

मी परत घरी गेले. सुंदरचे वडील ओसरीत बसले होते.

"सही करा," मी म्हटलं.

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "मी तवय तुन्हासाठी बोलनू नही. पंगतमा." इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "आते बोला. पोरीसाठी बोला." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी शहाद्याला वकिलाकडे गेलो. आधी मी सही केली, मग त्यांनी. सुंदरने दोघांच्याही पायांना हात लावला. हे तिला कुणी शिकवलं? तुम्हीच असाल.

काल तिला पोचवायला आम्ही सगळे नंदुरबारला गेलो. तेही आले, मंगलाबाईने दिलेले लाडू घेऊन. भटू, त्याची बायको, अजीजभाई, सगळे. सुंदर खिडकीत बसली. गाडीने शिट्टी दिली तेव्हा तिचा चेहरा एकदम लहान झाला. बाहेर वाकून ती म्हणाली, "ॲल्कॅ इत्केको." दोनदा म्हणाली.

रडू नका.

हे मी तुम्हाला विचारू का? ते तिने मला एकटीला अहो म्हणून म्हटलं, की आम्हा सगळ्यांना, आपल्या माणसांना, एकत्र म्हटलं? तुमच्यात दोन्हीला शब्द एकच. आमच्यातही एकच. तिला विचारू नका. तुम्हीही सांगू नका. मी सगळ्यांना असं धरलं आहे.

शिट्टी झाली तरी गाडी अजून हलली नव्हती. सुंदरचे वडील माझ्याजवळ सरकले. हळू आवाजात म्हणाले, "तिन्ही बोलीमा 'जाऊ नको' कसं म्हनतस?"

मी म्हटलं, "माले येत नही."

ते खिडकीकडे बघत राहिले. गाडी गेली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मला येत होतं, हेलमीबाई. काल सकाळीच शिकले होते. भटूच्या शेळीचं करडू विहिरीकडे पळालं, तेव्हा सुंदर त्याच्यामागे धावत ओरडली होती, "ॲला मेने!" आणि करडू जागच्या जागी थांबलं होतं. पूर्ण वेळ फलाटावर तो शब्द माझ्या तोंडात होता. मी ओठ मिटून उभी राहिले. मला वाटत होतं की मी म्हटलं तर ती थांबेल.

तुमची
जसोदा